कोल्हापूर-सोलापूर विमानतळांमधील अंतर व प्रवासकाळ : कवठे महांकाळ परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

दक्षिण महाराष्ट्रातील कोल्हापूर व सोलापूर या दोन प्रादेशिक विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे २०५ कि.मी. आहे. सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ हे तालुक्याचे ठिकाण जवळजवळ याच सरळ रेषेवर वसले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन शहरांमधील अंतर आणि ते कापण्यास लागणारा काळ यांचा बैलगाडीच्या वाटेपासून चौपदरी महामार्ग व विमानसेवेपर्यंतचा आढावा घेण्यात आला आहे. अंतर भूगोलाने ठरविले असले तरी प्रवासकाळ हा राज्यव्यवस्था, रुळांची रुंदी, रस्त्यांचा दर्जा व सेवांची आखणी यांवर ठरत गेला, असे या अभ्यासातून दिसून येते.

सूचक शब्द : प्रादेशिक विमानतळ, प्रवासकाळ, बार्शी लाईट रेल्वे, दुष्काळी पट्टा, कवठे महांकाळ, उडान योजना.

प्रस्तावना

वाहतुकीचा इतिहास हा बहुधा मोठ्या शहरांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मुंबई-पुणे, मुंबई-मद्रास, मुंबई-दिल्ली अशा मार्गांची माहिती विपुल उपलब्ध आहे. मात्र दोन मध्यम आकाराच्या शहरांमधील आडव्या मार्गांचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. कोल्हापूर व सोलापूर ही अशीच दोन शहरे होत. एक संस्थानी राजधानी, शेती, साखर व गूळ यांची बाजारपेठ. दुसरे ब्रिटिश अमलातील जिल्ह्याचे ठिकाण व कापड गिरण्यांचे शहर. दोन्ही शहरांचे मुंबई-पुण्याशी संबंध जुने व दृढ आहेत. परस्परांशी असलेला त्यांचा संबंध मात्र दीर्घकाळ कष्टाचाच राहिला.

या दोन शहरांच्या मधोमध मिरज, कवठे महांकाळ, जत, सांगोला व मंगळवेढा हा अवर्षणप्रवण पट्टा पसरलेला आहे. या पट्ट्यातून जाणारा माणूस कोणत्या साधनाने आणि किती वेळात जातो, यावर तेथील शेतमाल, रोजगार, शिक्षण व आरोग्य यांचे प्रश्न बऱ्याच अंशी अवलंबून राहिले आहेत. म्हणूनच अंतर व प्रवासकाळ हा वरकरणी तांत्रिक वाटणारा विषय येथे सामाजिक इतिहासाचा विषय ठरतो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१. कोल्हापूर व सोलापूर विमानतळांमधील हवाई, रस्ते व लोहमार्गीय अंतरांची तुलना करणे.
२. या मार्गावरील प्रवासकाळात कालानुरूप झालेल्या बदलांचा व त्यांच्या कारणांचा आढावा घेणे.
३. कवठे महांकाळ परिसराच्या दृष्टीने या बदलांचे महत्त्व तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. हवाई अंतरे ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेली असून ती पूर्णांकात दिली आहेत. रस्त्याची अंतरे व प्रवासकाळ हे साधारण स्वरूपाचे समजावेत.

भौगोलिक पार्श्वभूमी

कोल्हापूरचा विमानतळ शहराच्या आग्नेयेस उजळाईवाडी येथे, तर सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावर आहे. या दोहोंना जोडणारी सरळ रेषा नैऋत्येकडून ईशान्येकडे जाते. कोल्हापूर विमानतळापासून कवठे महांकाळ सरळ रेषेत सुमारे ७२ कि.मी. आणि कवठे महांकाळपासून सोलापूर विमानतळ सुमारे १३३ कि.मी. भरतो. या दोन आकड्यांची बेरीज २०५ कि.मी. होते, म्हणजे थेट अंतराइतकीच. एखादे गाव दोन ठिकाणांना जोडणाऱ्या रेषेच्या आडबाजूस असेल तर ही बेरीज थेट अंतरापेक्षा अधिक भरते. ती येथे भरत नाही, यावरून कवठे महांकाळचे स्थान स्पष्ट होते.

रस्त्याने हे अंतर सुमारे २४० कि.मी. आहे. म्हणजे रस्त्याला पडणारा वळसा सुमारे ३५ कि.मी.चा, शेकडा सतरा इतकाच आहे. वाटेत उंच घाट नाही. कृष्णेचे खोरे ओलांडल्यावर अग्रणी, माण व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील माळरानावरून वाट जाते. सह्याद्रीच्या घाटांनी कोकण व देश यांत जो अडसर निर्माण केला तसा अडसर येथे निसर्गाने घातलेला नाही. तरीही हा प्रवास शतकानुशतके दीर्घ राहिला. त्याची कारणे भूगोलाबाहेर शोधावी लागतात.

संस्थानी सीमा आणि बैलगाडीची वाट

हा मार्ग लष्करी हालचालींनाही परिचित होता. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात मंगळवेढ्याजवळ भीमाकाठी ब्रह्मपुरी येथे होती. तेथून पश्चिमेकडील मराठ्यांच्या किल्ल्यांवर मोहिमा निघाल्या व १७०१ मध्ये पन्हाळ्यापर्यंत मोगल फौजा पोहोचल्या. भीमेच्या काठावरून पंचगंगेच्या खोऱ्यात उतरणे मोठ्या फौजेसही शक्य होते, एवढे यावरून स्पष्ट होते.

सामान्य प्रवाशाचा वेग मात्र बैलगाडीचा होता. भरलेली बैलगाडी दिवसाला साधारण २० ते २५ कि.मी. चालते, असे धरल्यास कोल्हापूर ते सोलापूर या प्रवासास दहा ते बारा मुक्काम पडत. पावसाळ्यात कृष्णा व भीमा यांना पूर आल्यास उताराची वाट पाहण्यात आणखी दिवस जात.

एकोणिसाव्या शतकात या वाटेवर राजकीय सीमांची गुंतागुंत झाली. कोल्हापूर संस्थान ओलांडल्यावर पटवर्धनांच्या मिरज व सांगली संस्थानांचा मुलूख लागे. सांगली संस्थानचा कुची हा विभाग आजच्या कवठे महांकाळ परिसरात होता. पूर्वेस डफळ्यांचे जत संस्थान, त्यापलीकडे ब्रिटिश सोलापूर जिल्ह्यातील सांगोला, पुढे पुन्हा सांगली संस्थानचे मंगळवेढे आणि अखेरीस पुन्हा ब्रिटिश मुलूख, असा हा क्रम होता. ज्या मार्गाची मालकी इतक्या सत्तांत विभागलेली, त्या मार्गाची सलग देखभाल करणारी यंत्रणा निर्माण होणे अवघड होते. १९४८ मध्ये दक्षिणी संस्थाने व १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा प्रथमच हा संपूर्ण मार्ग एका प्रशासनाखाली आला. याच सुमारास, १९४९ मध्ये, दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्याचे नामकरण सांगली जिल्हा असे झाले.

एका प्रवासात तीन रुळ

सोलापूर येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये पोहोचली. तिचा रुळ ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मि.मी. रुंदीचा होता. मिरज-कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. तो मीटरगेज होता. या दोन जाळ्यांना जोडण्याचे काम तिसऱ्याच कंपनीने केले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या बार्शी लाईट रेल्वेने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ७६२ मि.मी. रुंदीची नॅरोगेज गाडी सुरू केली. १९०६ मध्ये तिची शाखा पंढरपूरपर्यंत आली आणि १९२७ मध्ये ती मिरजेपर्यंत पोहोचली. कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला ही स्थानके या टप्प्यावरील होत. कवठे महांकाळच्या इतिहासात १९२७ या वर्षाचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे. जलद वाहतुकीच्या साधनाने हे गाव प्रथमच पूर्व व पश्चिम अशा दोन्ही दिशांना जोडले गेले.

परंतु या जोडणीतच एक उणीव होती. कोल्हापूरहून सोलापूरला जाणाऱ्या प्रवाशाने मिरजेपर्यंत मीटरगेजने यावे, तेथे नॅरोगेजच्या गाडीत बसून पंढरपूरमार्गे कुर्डुवाडी गाठावी आणि तेथे ब्रॉडगेजची गाडी पकडावी, असा क्रम होता. सुमारे ३१५ कि.मी.च्या प्रवासात तीन रुंदीचे रुळ व दोन ठिकाणी गाडीबदल होत असे. मालाच्या बाबतीत हा बदल अधिक त्रासाचा होता, कारण प्रत्येक पोते हमालांकरवी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. मिरज ते कुर्डुवाडी या सुमारे १९० कि.मी.साठी नॅरोगेज गाडीची थांब्यांसह ताशी २५ कि.मी. सरासरी धरली तरी साडेसात तास होतात. त्यात दोन्ही जंक्शनांवरील प्रतीक्षा मिळविल्यास एक संपूर्ण दिवस प्रवासात जाई.

असे असले तरी या गाडीचे सामाजिक कार्य मोठे होते. आषाढी-कार्तिकीस पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांची ती गाडी होती. दुष्काळात स्थलांतर करणाऱ्या शेतमजुरांना, मिरजेच्या दवाखान्यात जाणाऱ्या रुग्णांना व बाजारास जाणाऱ्या लहान शेतकऱ्यास ती परवडत असे. १ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे सरकारने आपल्या ताब्यात घेतली. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर १९७१ मध्ये झाले. मिरज-कुर्डुवाडी मार्गास मात्र आणखी तीन-चार दशके थांबावे लागले. कुर्डुवाडी-पंढरपूर टप्पा २००१ च्या सुमारास व पंढरपूर-मिरज टप्पा २०१०-११ च्या सुमारास रूपांतरित झाला. त्यानंतरच कोल्हापूर व सोलापूर या शहरांदरम्यान एकाच गाडीत बसून जाणे शक्य झाले. हा प्रवास साधारण सहा ते सात तासांवर आला.

लातूरची पाणीगाडी

रुळांच्या रुंदीचा प्रश्न हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता, हे २०१६ च्या उन्हाळ्यात दिसून आले. लातूर शहरातील पाणीटंचाई तीव्र झाल्यावर मिरजेहून रेल्वेने पाणी पाठविण्याचा निर्णय झाला. ११ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी निघाली. तिला प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटरचे दहा टँकर वाघीण जोडलेले होते. ती दुसऱ्या दिवशी पहाटे सुमारे ३४० कि.मी. अंतरावरील लातूर येथे पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्याही धावल्या. मिरज ते लातूर हा सर्व मार्ग पूर्वीच्या बार्शी लाईट रेल्वेचाच होय. नॅरोगेज कायम असती तर इतक्या मोठ्या प्रमाणावर सलग पाणीवाहतूक करता आली नसती.

ही गाडी कवठे महांकाळ व जत रोड या स्थानकांवरून गेली. ही दोन्ही गावे ज्या तालुक्यांतील वा ज्या तालुक्यांच्या सीमेवरील आहेत, तेही कायम अवर्षणग्रस्त म्हणून ओळखले जातात. कृष्णेचे पाणी म्हैसाळ येथून टप्प्याटप्प्याने उचलून याच तालुक्यांना देणारी म्हैसाळ उपसा सिंचन योजना दीर्घकाळ रेंगाळली होती. पाणी दाराशी येते आणि पुढे जाते, हा अनुभव वाहतुकीच्या इतिहासातही अपवादात्मक नाही. मधल्या प्रदेशातून मार्ग गेला म्हणजे त्याचा लाभ मधल्या प्रदेशास मिळतोच असे नाही.

महामार्ग आणि प्रवासकाळातील घट

रत्नागिरी-कोल्हापूर-सांगली-सोलापूर-नागपूर हा मार्ग पुढे राष्ट्रीय महामार्ग म्हणून विकसित झाला. त्याच्या सांगली-सोलापूर भागाचे चौपदरीकरण सांगली-बोरगाव, बोरगाव-वाटंबरे, वाटंबरे-मंगळवेढा व मंगळवेढा-सोलापूर अशा चार टप्प्यांत हाती घेण्यात आले. या चार टप्प्यांची एकत्रित लांबी सुमारे १९५ कि.मी. आहे. बोरगाव हे गाव कवठे महांकाळ तालुक्यातीलच होय. या कामामुळे कोल्हापूर-सोलापूर हा प्रवास मोटारीने साधारण साडेचार तासांवर आला. बैलगाडीच्या दहा मुक्कामांपासून साडेचार तासांपर्यंतची ही घट लक्षणीय आहे. शिवाय तिचा लाभ वाटेतील गावांसही मिळतो, कारण रस्त्यावर कोठूनही चढता-उतरता येते.

कवठे महांकाळ ते कोल्हापूर विमानतळ हे रस्त्याने सुमारे ८५ ते ९० कि.मी. अंतर पावणेदोन ते दोन तासांत आणि सोलापूर विमानतळ हे सुमारे १५० कि.मी. अंतर तीन तासांच्या आत गाठता येते. दोन्ही विमानतळांपासून समान अंतरावरचा बिंदू तालुक्याच्या पूर्वेस, सांगोला तालुक्याच्या बाजूस येतो. त्यामुळे कवठे महांकाळचा स्वाभाविक ओढा कोल्हापूरकडे, तर सांगोला व मंगळवेढ्याचा सोलापूरकडे राहतो.

दोन विमानतळांची वाटचाल

भारतातील नियमित हवाई टपालसेवेचा प्रारंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस केलेल्या उड्डाणाने झाला. पुढील टप्पा बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा होता. त्यानंतर अवघ्या सहा-सात वर्षांत, १९३९ मध्ये, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर येथे विमानतळाची स्थापना झाली. एका संस्थानाने दाखविलेली ही दूरदृष्टी उल्लेखनीय आहे. मात्र स्थापना व सातत्यपूर्ण सेवा यांत मोठे अंतर राहिले. कोल्हापूरची जुनी धावपट्टी १३७० मीटर लांबीची होती व मोठ्या विमानांना ती अपुरी पडे. २००० नंतरच्या दशकात खासगी कंपन्यांच्या सेवा सुरू झाल्या व खंडित झाल्या. २०१८ मध्ये उडान योजनेखाली सेवा पुन्हा सुरू झाल्या, धावपट्टी वाढविण्यात आली आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले.

सोलापूरच्या विमानतळाची धावपट्टी सुमारे दोन हजार मीटर असूनही तेथे नियमित सेवा टिकली नाही. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या मार्गात अडथळा ठरते की नाही, हा वाद अनेक वर्षे चालला. कारखान्याचे सभासद ऊस उत्पादक व विमानसेवेची मागणी करणारे शहरवासी अशा दोन बाजू त्यात उभ्या राहिल्या. जून २०२३ मध्ये ही चिमणी पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, ९ जून २०२५ रोजी गोव्याची व ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. एका कारखान्याची चिमणी व एका शहराची विमानसेवा यांतील हा संघर्ष विकासाच्या दोन कल्पनांमधील संघर्ष होता. त्याची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न चिमणी पाडल्याने मिटला असे म्हणता येत नाही.

थेट विमानसेवेचा विचार

कोल्हापूर-सोलापूर हे २०५ कि.मी. अंतर एटीआर जातीचे विमान आकाशात २५ ते ३० मिनिटांत कापू शकते. धावपट्टीवरील हालचाल, चढण व उतरण धरून हा काळ सुमारे ४५ ते ५० मिनिटे होतो. परंतु प्रवाशाचा काळ घरापासून घरापर्यंत मोजावा लागतो. विमानतळावर दीड तास आधी पोहोचणे, शहरातून विमानतळापर्यंत व पुढे इच्छित स्थळी जाणे यांसाठी आणखी एक ते दीड तास धरल्यास एकूण काळ साडेतीन तासांच्या जवळपास जातो. मोटारीच्या साडेचार तासांशी तुलना करता बचत एका तासाची होते.

कवठे महांकाळच्या प्रवाशास तर ही सेवा उपयोगाचीच नाही. सोलापूरला जाण्यासाठी त्याला प्रथम उलट दिशेने कोल्हापूर गाठावे लागेल आणि मग ज्या गावातून तो निघाला त्याच गावावरून त्याचे विमान जाईल. रस्त्याने तो ज्या काळात सोलापुरास पोहोचतो, त्याच काळात तो विमानाने जेमतेम निम्म्या वाटेवर असेल.

उडान योजनेच्या २०१६ मधील मसुद्यात प्रादेशिक मार्गांची लांबी २०० ते ८०० कि.मी. अशी कल्पिलेली होती. कोल्हापूर-सोलापूर हे अंतर या मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाशी येते. २०२५ मध्ये सोलापूरहून सुरू झालेल्या सेवांत कोल्हापूरचा समावेश नव्हता. मुंबईमार्गे विमानाने जावयाचे तर कोल्हापूर-मुंबई सुमारे ३०७ कि.मी. व मुंबई-सोलापूर सुमारे ३६२ कि.मी. असा ६६९ कि.मी.चा, म्हणजे थेट अंतराच्या तिपटीहून अधिक प्रवास घडतो. प्रादेशिक विमानतळ परस्परांना नव्हे, तर महानगरांना जोडण्यासाठी उभे राहतात, हे यावरून दिसते.

याचा अर्थ या परिसरास विमानसेवेची गरज नाही असा नव्हे. खानापूर, आटपाडी, तासगाव व कवठे महांकाळ या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत स्थायिक झाली आहेत. त्यांना गावच्या यात्रेस, लग्नकार्यास वा आजारपणात दोन-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करावा लागत असे. हैदराबाद, बंगळूर यांसारख्या ठिकाणांहून कोल्हापूरपर्यंत येणारे विमान त्यांच्या दृष्टीने खरी वेळेची बचत करते. द्राक्ष व बेदाणा या परिसरातील प्रमुख मालास मात्र विमानापेक्षा शीतगृहे, चांगला रस्ता व बंदरापर्यंतची कंटेनर वाहतूक अधिक उपयोगी आहे. सांगलीजवळील कवलापूर येथे विमानतळ व्हावा या मागणीचा विचारही याच कसोटीवर करावा लागेल.

निष्कर्ष

१. कोल्हापूर व सोलापूर विमानतळांमधील अंतर हवाई मार्गाने सुमारे २०५, रस्त्याने सुमारे २४० व शहरांदरम्यान लोहमार्गाने सुमारे ३१५ कि.मी. आहे. प्रवासकाळातील फरक मात्र या अंतरांच्या प्रमाणात कधीच नव्हता.

२. या मार्गावरील विलंबाची प्रमुख कारणे नैसर्गिक नसून मानवनिर्मित होती. विभागलेल्या संस्थानी सीमा व तीन भिन्न रुंदीचे रुळ ही त्यांतील ठळक कारणे होत.

३. कवठे महांकाळ हे दोन विमानतळांच्या सरळ रेषेवर असूनही या दोहोंमधील थेट विमानसेवेचा त्यास लाभ होणार नाही. लोहमार्ग व महामार्ग यांचा लाभ मात्र थांबे व जोडरस्ते असतील तेवढा त्यास मिळतो.

४. प्रादेशिक विमानतळाचे मूल्यमापन उड्डाणाच्या मिनिटांवरून न करता घरापासून घरापर्यंतच्या काळावरून व स्थलांतरित कुटुंबांच्या गरजेवरून करणे उचित ठरेल.

समारोप

वेग वाढत गेला तसतसे मधल्या गावांचे थांबे कमी होत गेले, हा वाहतुकीच्या इतिहासाचा सर्वसाधारण क्रम आहे. बैलगाडी प्रत्येक गावी मुक्काम करी, नॅरोगेज प्रत्येक स्थानकावर थांबे, महामार्ग गावाला वळसा घालून जातो आणि विमान तर गावावरून निघून जाते. कवठे महांकाळसारख्या दुष्काळी तालुक्याच्या विकासाचा विचार करताना दोन शहरांतील काळ किती मिनिटांनी घटला यापेक्षा तालुक्यातील शेतकरी, रुग्ण व विद्यार्थी यांना जवळच्या स्थानकावर गाडी किती वेळा मिळते व पाणी किती दिवसांनी पोहोचते, हे पाहणे अधिक आवश्यक आहे. या दृष्टीने मिरज-पंढरपूर लोहमार्गावरील स्थानिक गाड्या वाढविणे हा नव्या विमानतळापेक्षा अल्प खर्चाचा व अधिक लोकांना उपयोगी पडणारा उपाय ठरू शकतो.